धमनीच्या भिंतीत मेलेल्या पेशी उचलतं कोण?

पेशीवेल

माझे वडील गेले त्याच्या सात महिने आधी त्यांची अँजिओग्राफी झाली होती. सगळ्यात मोठा अडथळा ४० टक्क्यांचा निघाला. "एवढ्याला स्टेंट लागत नाही, औषधं चालू ठेवा," असं सांगून घरी पाठवलं आणि आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. मग एका पहाटे त्याच ४० टक्क्यांच्या जागी गुठळी झाली. मी तेव्हा पॅथॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होते. सल्ला चुकीचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण निम्म्याहून जास्त वाट मोकळी असताना माणूस जातो कसा, हे काही केल्या समजत नव्हतं.

पुढची बरीच वर्षं धमन्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात गेली. त्यातून जे उमगलं ते एकदा सविस्तर लिहायचं फार दिवस मनात होतं. घरोघरी या आजाराबद्दल बोलणं होतं ते 'ब्लॉकेज किती टक्के' एवढ्यावरच थांबतं, आणि खरा खेळ भिंतीच्या आत चाललेला असतो.

आधी थोडी ओळख. अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस या नावाचे दोन तुकडे आहेत. 'अथेरे' म्हणजे ग्रीकमध्ये पेज किंवा लापशी, आणि 'स्क्लेरोसिस' म्हणजे कडक होणं. हे नाव १९०४ साली मार्शां यांनी दिलं. मराठीत आपण धमनीकाठिण्य म्हणतो, त्यात कडकपणा आला पण लापशी राहून गेली. मला या धाग्यात त्या लापशीबद्दलच बोलायचं आहे.

रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतं आणि तिथे अडकून पडतं. अडकलं की त्याच्यात रासायनिक बदल होतात. शरीराला ते परकं वाटू लागतं. मग रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भिंतीत उतरतात आणि तिथे मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी होतात. त्यांचं काम गिळण्याचं. त्या एलडीएल गिळत सुटतात, पोट भरलं तरी थांबत नाहीत, कारण बदललेलं एलडीएल ज्या दाराने आत जातं त्या दाराला 'पुरे' म्हणणारी कडी नसते. पेशीत चरबीचे इतके थेंब साठतात की ती फेसासारखी दिसते. म्हणून तिला फोम सेल, फेसाळ पेशी म्हणतात. इथवरचं बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असेल.

यापुढचं फारसं कोणी सांगत नाही. या फेसाळ पेशी मरतात.

भिंतीत असा जो चरबी आणि पेशींचा साठा होतो त्याला प्लाक म्हणतात, मी त्याला थर म्हणते. जुन्या थराचा काप पाहिला की मधोमध एक भाग दिसतो. त्यात पेशीकेंद्रं नसतात, आकार नसतो, नुसता फिकट गुलाबी रवाळ चिखल असतो आणि त्यात सुईसारख्या पांढऱ्या फटी. त्या फटींच्या जागी कोलेस्टेरॉलचे स्फटिक होते. काप तयार करताना वापरलेल्या रसायनांत ते विरघळून जातात आणि जागा तेवढी उरते. या भागाला नेक्रोटिक कोअर म्हणतात, आपण मृत गाभा म्हणू. हा गाभा म्हणजे नळाच्या पाइपात चरबी साचावी तसा साचलेला कचरा आहे, असं मला विद्यार्थी असताना वाटायचं. तसं नाही. त्यातला मोठा हिस्सा एके काळी जिवंत असलेल्या, आपल्याच रक्षणासाठी आलेल्या पेशींचे अवशेष आहे.

पण पेशी मरणं ही काही वाईट गोष्ट नाही. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी अपॉप्टोसिस हा शब्द पुढे आणला. ग्रीकमध्ये झाडाची पानं किंवा फुलाच्या पाकळ्या गळून पडण्याला तो शब्द आहे. या मरणात पेशी फुटत नाही. ती आक्रसते, स्वतःचे छोटे छोटे बंद पुडे बांधते आणि पटलाच्या आतल्या बाजूला असणारं फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं मेद बाहेरच्या बाजूला आणते. ते मेद म्हणजे 'मला घेऊन जा' ही खूण. शेजारची भक्षक पेशी ती खूण ओळखते आणि सगळे पुडे गिळून पचवते. या उचलण्याला २००३ साली नाव मिळालं, इफेरोसायटोसिस. लॅटिनमधल्या 'एफेरे' या क्रियापदावरून. त्याचा एक अर्थ मृताला दफनासाठी वाहून नेणं असा आहे.

आपल्या शरीरात रोज शेकडो अब्ज पेशी मरतात. तरी निरोगी ऊतीचा काप पाहताना मेलेली पेशी शोधून सापडत नाही, इतक्या झटपट त्या उचलल्या जातात. धमनीतल्या जुन्या थरात मात्र त्या नुसत्या पडून असतात. २००५ साली एका संशोधन गटाने माणसांच्या धमन्यांतले थर आणि टॉन्सिल यांची तुलना केली. टॉन्सिल निवडण्याचं कारण असं की तिथेही पेशी मोठ्या संख्येने मरत असतात. उचललेल्या पेशींच्या तुलनेत न उचललेल्या, बेवारस पडलेल्या पेशींचं प्रमाण थरात टॉन्सिलच्या १९ पट निघालं. मी तो आकडा पहिल्यांदा वाचला त्या दिवशी माझं दुसऱ्या कशात लक्ष लागलं नाही.

पडून राहिलेला पुडा काही तासांत फुटतो. आतले पाचक रस, प्रथिनं, डीएनए, कोलेस्टेरॉल सगळं बाहेर सांडतं. ते पाहून शरीर नवीन मोनोसाइट पाठवतं, आधी आलेल्या भक्षक पेशी तिथल्या तिथे विभागून आणखी वाढतात, आणि त्यांचीही तीच गत होते. गाभा वाढत जातो. गाभ्यावर कोलाजेनचं झाकण असतं. भक्षक पेशींमधून निघणारी विकरं (एन्झाइम) ते झाकण कुरतडतात आणि झाकण विणणाऱ्या स्नायूपेशीही मरत जातात. झाकणाची जाडी ६५ मायक्रोमीटरच्या खाली गेली की त्या थराला धोक्याचा मानतात. साधारण एका केसाएवढी जाडी ही. झाकण फाटलं की गाभ्यातला टिश्यू फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवायला लावणारं प्रथिन, थेट रक्ताला लागतो आणि गुठळी धरायला लागते.

माझ्या वडिलांच्या धमनीत वाट ४० टक्केच अडली होती. झाकणाखाली काय होतं ते अँजिओग्राफीला दिसत नाही. तिला फक्त रक्ताची वाट दिसते, भिंत दिसत नाही.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन. चुकलं तर जाणकारांनी सांगावं.


अनिकेत७१

ताई, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. लेख दोनदा वाचला. एक शंका. पेशी मरतात आणि त्यातून गाभा होतो, तर मग त्यांना मरूच द्यायचं नाही असं औषध का काढत नाहीत?


पेशीवेल

अनिकेत, मलाही सुरुवातीला हेच वाटायचं. उत्तर थर किती जुना आहे यावर अवलंबून आहे.

सुरुवातीच्या डागात, म्हणजे थर नुकता धरू लागतो तेव्हा, पेशी मरणं फायद्याचं ठरतं, कारण तिथे उचलणाऱ्या पेशी अजून धडधाकट असतात. फेसाळ पेशी मेली, शेजारणीने उचलली, तेवढी गर्दी कमी झाली. उंदरांवरच्या एका प्रयोगात अशा भक्षक पेशी दिल्या की ज्यांना अपॉप्टोसिसने मरणं अवघड होतं. डाग लहान व्हायचे सोडून मोठे झाले. जुन्या थरात उलटं होतं. तिथे पेशींना मारणारं 'चॉप' नावाचं एक प्रथिन काढून टाकलं तर उंदरांमधला मृत गाभा लहान झाला.

म्हणजे तीच घटना, पण वीस वर्षांच्या अंतराने तिचा अर्थ बदलतो. माझं मत असं झालंय की मरण थांबवण्यापेक्षा उचलणं सुधारलं पाहिजे. उचलणं म्हणजे नुसती सफाई नाही, हे इथे सांगायला हवं. मेलेली पेशी गिळल्यावर भक्षक पेशीचा स्वभावच बदलतो. ती आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा सोडू लागते. पहिल्याने दाह (इन्फ्लमेशन) शमतो, दुसऱ्याने स्नायूपेशी कोलाजेन विणायला लागतात, म्हणजे झाकण जाड होतं. २०२० साली आणखी एक सुंदर गोष्ट कळली. गिळलेल्या पेशीतलं आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल वापरून भक्षक पेशी पुट्रेसिन तयार करते, आणि त्याच्या जोरावर पुढची पेशी गिळते. पहिल्या पेशीतून मिळालेल्या मालावर दुसरी उचलण्याची ताकद येते. हे मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो.


साधना_जो

खूप छान लिहिलंयस गं. पण मग जुन्या थरातल्या पेशींना उचलायला होतं काय? म्हातारपण?


पेशीवेल

साधना, वय आहेच, पण नेमके बिघाडही सापडलेत.

भक्षक पेशीच्या अंगावर मर-टीके नावाचा ग्राहक असतो. मेलेल्या पेशीला तो पकडतो. जुन्या थरातल्या दाहामुळे अ‍ॅडम-१७ हे विकर जागं होतं आणि हा ग्राहक मुळापासून छाटून टाकतं. हातच तुटला तर उचलणार कशाने. शिवाय तुटलेला तुकडा आजूबाजूला तरंगत राहतो आणि पकडायला मदत करणारी प्रथिनं स्वतःकडेच अडकवून ठेवतो.

दुसरा बिघाड मेलेल्या पेशीकडचा. प्रत्येक जिवंत पेशीवर सीडी-४७ हे प्रथिन असतं, 'मला खाऊ नका' सांगणारं. मरताना ते कमी व्हायला हवं. थरातल्या पेशींवर ते उलट वाढलेलं आढळलं. म्हणजे एकाच पेशीवर 'घेऊन जा' आणि 'हात लावू नका' अशा दोन्ही खुणा.

तिसरं थोडं आनुवंशिक. २००७ साली नवव्या गुणसूत्रावर ९पी२१ हा भाग हृदयविकाराशी जोडलेला सापडला. त्याचा कोलेस्टेरॉलशी, रक्तदाबाशी, मधुमेहाशी संबंध लागेना, त्यामुळे वर्षानुवर्षं सगळे कोड्यात होते. नंतर एका गटाने दाखवलं की त्या भागातला धोक्याचा प्रकार असणाऱ्यांच्या थरात कॅलरेटिक्युलिन कमी असतं, आणि कॅलरेटिक्युलिन ही 'घेऊन जा' म्हणणारी आणखी एक खूण आहे. ९पी२१ चं सगळं कोडं यातून सुटलं असं नाही, पण धागा जुळतो.


नीलमणी

पेशीवेल, मी हृदयाच्या इमेजिंगमध्ये काम करतो. लेख उत्तम आहे, पण दोन ठिकाणी भर घालतो, नाहीतर वाचणाऱ्यांचा गैरसमज होईल.

एक, प्रत्येक झटका झाकण फाटूनच येतो असं नाही. साधारण दोन तृतीयांश गुठळ्या फाटण्यामुळे होतात. बऱ्याचशा उरलेल्यांमध्ये झाकण शाबूत असतं, फक्त वरचं अस्तर खरवडलं गेलेलं असतं. याला इरोजन म्हणतात. तिथे मृत गाभा मोठा असेलच असं नाही. त्या प्रकारात भक्षक पेशींपेक्षा न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी जास्त महत्त्वाच्या दिसतात. त्या मरताना आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात. २००४ साली ही जाळी पहिल्यांदा वर्णन केली गेली, तेव्हा जंतू पकडण्याचं हत्यार म्हणून. तीच जाळी रक्तवाहिनीत गुठळीला आधार देते. म्हणजे तुमच्याच विषयातली, प्रतिकार करणाऱ्या पेशीच्या मरणाचीच ही दुसरी तऱ्हा.

दोन, '४० टक्के म्हणजे जास्त धोका' असा उलटा निष्कर्ष कुणी काढू नये. झटक्याला कारण ठरलेले अनेक थर आधीच्या अँजिओग्राफीत किरकोळ दिसलेले असतात, हे खरं. पण त्याचं एक साधं कारण असं की किरकोळ थर संख्येनेच खूप जास्त असतात. एकेकट्या थराचा विचार केला तर मोठा अडथळा जास्त धोक्याचाच. शिवाय बरेच थर फाटतात, लहान गुठळी होते, ती जिरते आणि माणसाला पत्ताही लागत नाही.


पेशीवेल

नीलमणी, मनापासून आभार. दुसरा मुद्दा मी लिहायला हवा होता. माझ्या घरच्या घटनेमुळे माझी नजर एका बाजूला झुकते, आणि ते वाचणाऱ्यांच्या माथी मारणं बरोबर नाही.

न्यूट्रोफिलच्या जाळ्यांबद्दल एक जोडते. २०१५ साली असं दिसलं की कोलेस्टेरॉलचे स्फटिकच न्यूट्रोफिलना जाळी फेकायला लावतात आणि ती जाळी भक्षक पेशींना दाह वाढवण्यासाठी तयार करते. २०१९ मध्ये आणखी पुढचं कळलं. जाळ्यातलं हिस्टोन एच४ हे प्रथिन स्नायूपेशींच्या पटलाला भोकं पाडून त्यांना थेट मारतं. झाकण विणणाऱ्याच त्या पेशी.


मधुकर_ना

म्हणजे मी इतकी वर्षं म्हणतोय तेच. कोलेस्टेरॉलचा उगाच बाऊ केलाय, खरा आजार दाहाचा आहे. स्टॅटिनच्या गोळ्या कशाला मग?


पेशीवेल

मधुकरकाका, इथे मी अगदी ठामपणे नाही म्हणेन. हा निष्कर्ष माझ्या लेखातून कुणी घेतला तर मला फार वाईट वाटेल.

दाह आणि पेशींचं मरण ही मधली पायरी आहे. पहिली पायरी एलडीएलच. १९१३ साली अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या धमन्यांत हे थर तयार करून दाखवले. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं त्यामागे अशी मुलं होती ज्यांच्यात एलडीएल रक्तातून काढणारा ग्राहक जन्मतःच नव्हता. दोन्ही पालकांकडून तो दोष आलेल्या मुलांना शाळेच्या वयात हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. त्या मुलांना ना सिगारेटचं व्यसन, ना मधुमेह. फक्त एलडीएल.

आणि ज्या मरणाबद्दल मी लिहितेय त्याच्या मुळाशीही तेच आहे. भक्षक पेशी गिळलेलं कोलेस्टेरॉल एका रासायनिक जोडणीने निरुपद्रवी थेंबांत साठवते. ती सोय अपुरी पडली की मोकळं कोलेस्टेरॉल पेशीतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या जाळीदार भागाच्या पटलात घुसतं. ते पटल एरवी कोलेस्टेरॉल फार कमी असल्यामुळे लवचीक असतं, ते ताठर होतं. प्रथिनं नीट घडी पडून तयार होईनाशी होतात, पेशी आधी सावरायचा प्रयत्न करते, आणि ताण फार काळ टिकला की वर म्हटलेलं चॉप प्रथिन वाढून ती स्वतःला संपवते. आत आलेला माल कमी झाला तर हे सगळंच कमी होतं.

स्टॅटिन बंद करू नका, काका. शंका असेल तर तुमच्या डॉक्टरांशी बोला, पण या धाग्याच्या आधारावर गोळी सोडू नका.


नीलमणी

वरच्या उत्तराला पूर्ण पाठिंबा. धमनीच्या आत प्रकाशाने चित्र काढणारी ओसीटी नावाची तपासणी आहे, तिच्यात झाकणाची जाडी मोजता येते. स्टॅटिनच्या जोडीला पीसीएसके-९ हे प्रथिन रोखणारं इंजेक्शन देऊन एलडीएल खूप खाली आणल्यावर झाकण नुसत्या स्टॅटिनपेक्षा जास्त जाड होतं, हे हायगेन्स आणि २०२२ च्या पॅकमन-एएमआय या चाचण्यांत दिसलं. एकाच वर्षात. मी असे आधीचे आणि नंतरचे काप शेजारी शेजारी ठेवून पाहतो तेव्हा थर 'निवतो' म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं.


मधुकर_ना

ठीक आहे. गोळी सोडलेली नाही, सोडायचा विचार होता. हे वाचून विचार बदलला. ती शाळकरी मुलांची गोष्ट माहीत नव्हती.


साधना_जो

पेशीवेल, तू फक्त अपॉप्टोसिसबद्दल लिहिलंस. मी कुठेतरी पायरोप्टोसिस असा शब्द वाचला होता. तो वेगळा का?


पेशीवेल

हो, वेगळा आणि जास्त आक्रमक. 'पायरो' म्हणजे आग.

थरात कोलेस्टेरॉलचे स्फटिक अगदी लवकर तयार होऊ लागतात. भक्षक पेशी ते गिळते, पण ते पचत नाहीत आणि आतल्या पिशव्या फाडतात. त्यावरून पेशीतलं एनएलआरपी-३ इन्फ्लमझोम हे यंत्र चालू होतं. २०१० साली हे दाखवलं गेलं. या यंत्रामुळे कॅस्पेज-१ हे विकर कामाला लागतं आणि ते दोन गोष्टी करतं. आयएल-१ बीटा हा दाहाचा निरोप्या तयार करतं, आणि गॅसडर्मिन-डी या प्रथिनाचा तुकडा पाडून त्यातून पेशीच्या पटलाला भोकं पाडतं. निरोप्या त्या भोकांतून बाहेर पडतो, पेशी फुगते आणि फुटते. जंतू आत शिरला असेल तर हा बलिदानाचा मार्ग उपयोगी. धमनीच्या भिंतीत जंतू नसतो, स्फटिक असतो, आणि तो मरत नाही.

तिसरा प्रकार नेक्रोप्टोसिस. त्यातही पटल फुटतं, पण आरआयपीके-३ आणि एमएलकेएल या प्रथिनांच्या मार्फत. उंदरांमध्ये आरआयपीके-३ काढल्यावर जुन्या थरातला गाभा लहान झाला.

पुस्तकात हे प्रकार वेगवेगळ्या चौकटींत काढलेले असतात. प्रत्यक्ष कापात एकाच कोपऱ्यात तिन्ही चाललेले असतात. फुटून गेलेल्या पेशीकडे पाहून ती मुळात कोणत्या वाटेने गेली हे ओळखणं फार अवघड.


दूरचा_प्रवासी

पहिल्यांदाच लिहितोय. माझ्या मोठ्या भावाला दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेला. हा दाह आणि ते आयएल-१ बीटा थांबवणारं औषध आहे का? कोणी तरी त्याला कोल्चिसीन घ्यायला सांगितलंय, संधिवाताची गोळी म्हणून ती आमच्या घरात आधीपासून आहे. घरातलीच सुरू करावी का?


नीलमणी

प्रवासी, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. घरातली गोळी स्वतःहून सुरू करू नका. कोल्चिसीनमध्ये उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर कमी असतं. मूत्रपिंड कमकुवत असेल तर ती शरीरात साठते. क्लॅरिथ्रोमायसीनसारख्या काही प्रतिजैविकांबरोबर ती जीवघेणी ठरू शकते.

आता पुरावा. २०१७ साली कँटोस चाचणी प्रसिद्ध झाली. आधी झटका येऊन गेलेले आणि रक्तात दाहाची खूण वाढलेली असे १०,०६१ रुग्ण होते. आयएल-१ बीटाला बांधून ठेवणारं कॅनाकिनुमॅब दर तीन महिन्यांनी दिलं. १५० मिलिग्रॅमच्या गटात झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले, आणि एलडीएल जराही बदललं नव्हतं. दाह हा नुसता साक्षीदार नाही, भागीदार आहे, हे त्या चाचणीने माणसात दाखवलं. पण जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले आणि एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून ते औषध हृदयासाठी वापरात आलं नाही.

कोल्चिसीनच्या रोज ०.५ मिलिग्रॅम मात्रेच्या दोन चाचण्या चांगल्या निघाल्या. २०१९ ची कोलकॉट, ४,७४५ रुग्ण, २३ टक्के घट. २०२० ची लोडोको-२, ५,५२२ रुग्ण, ३१ टक्के घट. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये या वापराला मान्यताही दिली. मग २०२४ मध्ये क्लिअर चाचणी आली, सात हजारांहून जास्त रुग्णांची, झटक्यानंतर लगेच सुरू केलेली, आणि तिच्यात फायदा दिसला नाही. म्हणून कोणाला द्यायची हे रुग्ण पाहूनच ठरतं. आणि सगळेच दाहशामक चालतात असंही नाही. मेथोट्रेक्सेटची मोठी चाचणी २०१८ मध्ये निष्फळ ठरली.


दूरचा_प्रवासी

बरं झालं विचारलं. गोळी कपाटात ठेवली आहे. आभारी आहे.


अनिकेत७१

ताई, मग उचलणं सुधारणारं औषध? ते सीडी-४७ झाकून टाकलं तर?


पेशीवेल

केलंय, अनिकेत. २०१६ मध्ये उंदरांना सीडी-४७ झाकणारं प्रतिपिंड दिलं, थरातल्या मेलेल्या पेशी उचलल्या जाऊ लागल्या आणि थर लहान झाले. माझ्या विषयातल्या लोकांसाठी तो फार आनंदाचा काळ होता.

अडचण रक्तात आली. सीडी-४७ लाल पेशींवरही असतं, आणि म्हाताऱ्या लाल पेशींना तेच वाचवत असतं. ते झाकलं की प्लीहेतल्या भक्षक पेशी लाल पेशी गिळतात आणि रक्तक्षय होतो. हृदयविकाराचा रुग्ण आणि त्यात रक्तक्षय, हे चालणारं नाही. म्हणून २०२० मध्ये एका गटाने वेगळी वाट काढली. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर एक औषध चढवलं. त्या नळ्या मुख्यतः मोनोसाइट आणि भक्षक पेशींतच शिरतात. 'खाऊ नका' हा निरोप पेशीच्या आत पुढे नेणारं एसएचपी-१ हे विकर तिथे बंद पाडलं. उंदरांत गाभा कमी झाला आणि रक्तक्षय झाला नाही. डुकरांवरही पुढे काम झालं. माणसात हृदयविकारासाठी वापरता येईल असं, फक्त उचलणं सुधारणारं औषध आज बाजारात नाही. खोटी आशा लावणार नाही, पण मी या कामाकडे डोळे लावून बसले आहे.


मीनल

मी यातली नाही, पण सगळं वाचून काढलं. माझ्या आईचा सीटी अँजिओग्राफीचा अहवाल आहे, त्यात ३५ टक्के लिहिलंय. गाभा आहे की नाही हे त्यातून कळतं का? की मी उगाच घाबरतेय?


नीलमणी

मीनल, घाबरू नका, प्रश्न रास्त आहे. साध्या अँजिओग्राफीला भिंत दिसत नाही, पण सीटीला बऱ्यापैकी दिसते. चरबी आणि मृत गाभा असलेला भाग सीटीवर काळसर, कमी घनतेचा दिसतो. अहवालात 'लो अटेन्युएशन प्लाक' असे शब्द शोधा. २०२० साली स्कॉट-हार्ट चाचणीतल्या रुग्णांच्या सीटी चित्रांचा अभ्यास झाला. अशा कमी घनतेच्या थराचं प्रमाण ४ टक्क्यांहून जास्त होतं त्यांना पुढे झटका येण्याची शक्यता जवळपास पाचपट होती. अडथळ्याची टक्केवारी आणि कॅल्शियमचा आकडा यांपेक्षा तो अंदाज सरस ठरला.

असे शब्द सापडले तरी आज आईला काही होणार आहे असा त्याचा अर्थ नाही. एलडीएल किती खाली आणायचं, हे ठरवताना तुमच्या डॉक्टरांना ती माहिती उपयोगी पडेल.


मीनल

अहवाल काढून बघितला. फक्त 'मिश्र स्वरूपाचा थर, ३५ टक्के' एवढंच लिहिलंय. घनतेबद्दल काही नाही.


पेशीवेल

मीनल, बऱ्याच अहवालांत तेवढंच असतं. तपासणीची सीडी मिळाली असेल ती सोबत न्या. मूळ चित्रं त्यात असतात आणि त्यांवरून भिंतीचं मोजमाप नंतरही करता येतं, पुन्हा सीटी काढावं लागत नाही. 'थराचा प्रकार जरा पाहाल का' एवढंच विचारा. आणि आईंचं सध्याचं एलडीएल किती आहे तो कागदही बरोबर ठेवा. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं.


मीनल

सीडी आहे, पाकिटात तशीच पडून होती. एलडीएल १३८. परवाची वेळ घेतली आहे, जाऊन आले की इथेच लिहिते.